आपली एनडीए आणि त्यांची एनडीए

या भागात आफ्रिकेतली नावं बरीच आहेत आणि ती ऐकताना निसटतात. म्हणून नेहमीप्रमाणे हा भाग लिहूनही देतोय. कानात हेडफोन असेल तर ऐका, नसेल तर वाचा.

सुरुवात घराजवळून करू. मी कर्वेनगरात बसून हे रेकॉर्ड करतोय. इथून गाडी काढली, वारजे ओलांडलं, शिवणे, उत्तमनगर, कोंढवे-धावडे करत गेलं की रस्ता थेट एनडीएच्या गेटला लागतो. आत जायला परवानगी लागते, पण आतली एक इमारत तुम्ही सगळ्यांनी फोटोत पाहिलेली आहे. दगडी बांधकाम, कमानी, वर मोठा घुमट आणि समोर परेड करणारी पोरं. त्या इमारतीचं नाव आहे सुदान ब्लॉक.

आता सांगा, खडकवासल्याच्या काठावर सुदान कुठून आला?

या प्रश्नाचं उत्तर शोधत गेलो की आपण नायजेरियात पोचतो. तिथेही एक एनडीए आहे. नायजेरियन डिफेन्स अकादमी. ती उभी करायला भारतीय अधिकारी गेले होते, भारत सरकारने पाठवलेले. आजचा विषय हाच. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या एका आफ्रिकी देशाला आपल्या सरकारने मदत केली. ती का केली, काय दिलं आणि पुढे त्याचं काय झालं? आधीच सांगतो, गोष्ट सरळ नाही. या मदतीनंतर दोन वर्षांत त्या देशात लष्कराने सत्ता घेतली.

आधी पैसे तिकडून आले

मदत म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? श्रीमंत देश देतो, गरीब देश घेतो. आणि आफ्रिका नेहमी घेणारी. पण आपल्या भागाचा इतिहास उलटा सुरू होतो.

कर्वेनगर हे नाव ज्यांच्यावरून पडलं ते महर्षी धोंडो केशव कर्वे. तेव्हा हे गाव हिंगणे बुद्रुक. १९०० साली कर्व्यांनी आपला विधवांसाठीचा आश्रम पुण्यातून इथल्या माळावर हलवला, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं. हे शाळेत शिकलोय आपण. शाळेत सहसा न सांगितलेली गोष्ट अशी, की डिसेंबर १९३० मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, कर्वे आफ्रिकेला गेले. मोंबासा, केनिया, युगांडा, टांगानिका, झांजिबार, पोर्तुगीज पूर्व आफ्रिका, दक्षिण आफ्रिका. तब्बल पंधरा महिने. तिथे स्थायिक झालेल्या भारतीयांसमोर बायकांच्या शिक्षणावर बोलायचं आणि संस्थेसाठी वर्गणी जमवायची. पैसे देणारे भारतीय होते हे खरं, पण कमाई आफ्रिकेतली होती.

हे झालं खाजगी दान. दहा वर्षांनी सरकारी पैसा आला, आणि तो सुदानहून आला.

दुसरं महायुद्ध चालू होतं. एरिट्रिया आणि इथिओपियामध्ये मुसोलिनीचं इटालियन सैन्य होतं आणि शेजारच्या सुदानला त्याचा धोका होता. ते सैन्य हटवायला ब्रिटिशांनी भारतीय पलटणी पाठवल्या. १९४१ च्या सुरुवातीला केरनच्या डोंगरात मोठी लढाई झाली, आणि तिथे आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवानही होते. विजयानंतर सुदान सरकारने भारताला एक लाख पौंड दिले. हेतू असा, की मेलेल्या भारतीय सैनिकांचं स्मारक व्हावं.

इथे जरा थांबू. 'सुदान सरकार' म्हणजे कोण? सुदान तेव्हा स्वतंत्र नव्हता. नावाला इंग्लंड आणि इजिप्त दोघांचं राज्य, कारभार मात्र इंग्रजांचा. म्हणजे एका गुलाम देशाच्या तिजोरीतून दुसऱ्या गुलाम देशाच्या सैनिकांसाठी पैसे दिले गेले, आणि दोन्हीकडे सही करणारे इंग्रजच. सुदानी शेतकऱ्याला कुणी विचारलं नव्हतं. तरी कराचा पैसा त्याचाच होता.

फाळणीत या रकमेचीही वाटणी झाली. ७० हजार पौंड भारताला, ३० हजार पाकिस्तानला. आपले ७० हजार, म्हणजे तेव्हाच्या दराने नऊ लाख रुपयांच्या वर, खडकवासल्याच्या अकादमीच्या मुख्य इमारतीला लागले. ६ ऑक्टोबर १९४९ ला नेहरूंनी पायाभरणी केली, जानेवारी १९५५ मध्ये अकादमीचं उद्घाटन झालं, आणि १९५९ मध्ये सुदानच्या राजदूतांच्या हस्ते सुदान ब्लॉकचं.

मधल्या काळात भारतानेही परतफेड म्हणावी असं काहीतरी केलं होतं. १९५३ मध्ये सुदानची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. ती घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्ष होते सुकुमार सेन, म्हणजे आपले पहिले मुख्य निवडणूक आयुक्त. १ जानेवारी १९५६ ला सुदान स्वतंत्र झाला. आणि नोव्हेंबर १९५८ मध्ये तिथे जनरल अब्बूद यांनी सत्ता ताब्यात घेतली. म्हणजे पुण्यात सुदान ब्लॉकचं उद्घाटन झालं, तेव्हा सुदानमध्ये लष्करी राजवट होती.

हे लक्षात ठेवा. नायजेरियात पुन्हा हेच दिसणार आहे.

स्वतंत्र देश, पण सैन्य कुणाचं?

१ ऑक्टोबर १९६० ला नायजेरिया स्वतंत्र झाला. आफ्रिकेतला सर्वात मोठ्या लोकसंख्येचा देश. पंतप्रधान अबुबकर तफावा बलेवा. झेंडा नवा, राष्ट्रगीत नवं. सैन्यात मात्र जवान नायजेरियन आणि बहुसंख्य अधिकारी ब्रिटिश. सैन्याचा प्रमुख १९६५ पर्यंत ब्रिटिशच होता.

तुम्ही नव्या देशाचे पंतप्रधान आहात असं समजा. काल ज्यांच्याशी भांडून स्वातंत्र्य घेतलं, त्यांचेच अधिकारी आज तुमचं सैन्य चालवताहेत. वर ब्रिटनबरोबर संरक्षण करारही केलेला. विद्यार्थी रस्त्यावर उतरले, 'हे कसलं स्वातंत्र्य?' म्हणून ओरडले, आणि जानेवारी १९६२ मध्ये तो करार रद्द झाला.

म्हणजे आता आपले अधिकारी आपल्याच देशात तयार करायला हवेत. पण शिकवणार कोण? पुन्हा इंग्रजांना बोलवायचं तर करार मोडून मिळवलं काय? अमेरिका किंवा रशियाला बोलवायचं तर शीतयुद्धात एका बाजूला ओढले जाणार. नायजेरियाने शहाणपणाने कामं वाटून दिली. हवाई दलासाठी पश्चिम जर्मनी, आणि अधिकाऱ्यांच्या अकादमीसाठी भारत.

भारतच का? एक म्हणजे ओळख होती. काँगोमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत दोन्ही देशांच्या फौजा होत्या. सप्टेंबर १९६२ मध्ये नेहरू स्वतः नायजेरियाला जाऊन आले. पण मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरं कारण. हाच प्रश्न भारताने नुकताच सोडवला होता. १९४७ नंतर आपल्या सैन्याचे पहिले दोन प्रमुख इंग्रजच होते. जनरल करिअप्पा आले ते जानेवारी १९४९ मध्ये. साहेबाचं सैन्य आपलं कसं करायचं, याचा ताजा अनुभव आपल्याकडे होता. लंडनकडे हा अनुभव असणं शक्यच नव्हतं, कारण लंडन हा प्रश्नाचाच भाग होता.

आपल्याच घरात काय होतं?

आता त्या वेळचा भारत बघा. नेहरू नायजेरियाहून परत आले आणि महिन्याभरात, २० ऑक्टोबर १९६२ ला, चीनचा हल्ला झाला. त्यात आपलं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतर सैन्य वाढवायची घाई सुरू झाली आणि आपल्यालाच अधिकारी कमी पडत होते. धान्यासाठी आपण अमेरिकेच्या पीएल-४८० गव्हावर होतो. आणि पुणं? १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही गेलं. मुठेकाठचे लोक अजून घरं सावरत होते.

अशा वेळी कुणी दुसऱ्याला मदत करतं का? करतं, आणि भारताने केली. ५ फेब्रुवारी १९६४ ला नायजेरियाच्या उत्तरेकडच्या कडुना शहरात नायजेरियन डिफेन्स अकादमी सुरू झाली. आधी तिथे इंग्रजांनी चालवलेली प्रशिक्षण संस्था होती, तिचंच हे नवं रूप. पहिल्या तुकडीत ६२ छात्र. शिकवणारे बहुतेक भारतीय लष्करातले अधिकारी. पहिले प्रमुख ब्रिगेडियर एम. आर. वर्मा. आणि पद्धत खडकवासल्याची, म्हणजे भूदल, नौदल आणि हवाई दल यांची पोरं एकाच आवारात एकत्र वाढवायची. नावही तेच. एनडीए.

त्याच वर्षी, १५ सप्टेंबर १९६४ ला, भारत सरकारने 'आयटेक' ही योजना सुरू केली. भारतीय तांत्रिक आणि आर्थिक सहकार्य. इतर देशांतल्या लोकांना इथे आणून शिकवायचं, आपले जाणकार तिकडे पाठवायचे. ही योजना आजही चालू आहे. यात एक साधा हिशोब होता. आपल्याकडे पैसे नव्हते, पण माणसं होती. मास्तर, इंजिनिअर, डॉक्टर, लष्करी अधिकारी. अमेरिका धरणाला कर्ज देऊ शकत होती. आपण धरण बांधणारा माणूस देऊ शकत होतो.

फुकट, निव्वळ मनाच्या मोठेपणाने? तसं अजिबात नाही. चीनच्या युद्धानंतर भारताला मित्र हवे होते, संयुक्त राष्ट्रांत मतं हवी होती, आणि आफ्रिकेत चीनही हातपाय पसरत होता. सरकारी मदतीत स्वार्थ असतोच. प्रश्न एवढाच, की तो घेणाऱ्याला परवडतो का. इथे परवडला असं वाटतं, कारण जानेवारी १९६९ मध्ये ब्रिगेडियर डेव्हिड एजूर हे पहिले नायजेरियन प्रमुख झाले. पाच वर्षांत गुरुजी खुर्चीवरून उठले.

कुणी म्हणेल, सैनिकी शाळा म्हणजे विकास कसा? शंका बरोबर आहे. शाळा, दवाखाने, पाणी, हा खरा विकास. पण नव्या देशाला आपलं सैन्य स्वतः चालवता येत नसेल, तर बाकीचे निर्णयही दुसऱ्याला विचारूनच घ्यावे लागतात. म्हणून नायजेरियाने ही मदत मागितली. त्यातला धोका नंतर दिसला.

दापोडीत शिकलेला एक अधिकारी

आता एक माणूस. ओलुसेगुन ओबासान्जो. नायजेरियन सैन्यातला तरुण इंजिनिअर अधिकारी. १९६५ मध्ये त्याला भारतात पाठवलं गेलं. आधी वेलिंग्टनचं स्टाफ कॉलेज, मग पुण्यातलं लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय, म्हणजे आपलं दापोडीचं सीएमई. भारतात बघितलेली उपासमार त्याला हादरवून गेली. इथली संस्कृती मात्र आवडली, आणि तो निरनिराळ्या धर्मांवरची पुस्तकं वाचायला लागला.

जानेवारी १९६६ मध्ये तो मायदेशी परतला, आणि त्याच महिन्यात देश उलथला. १५ जानेवारीच्या पहाटे काही तरुण मेजरांनी बंड केलं. पंतप्रधान बलेवा मारले गेले. कडुनामध्ये उत्तर प्रांताचे प्रमुख अहमदू बेल्लो यांना त्यांच्या घरात मारलं. तिथल्या बंडाचा म्होरक्या होता मेजर न्झेओग्वू, कडुनाच्याच लष्करी प्रशिक्षण महाविद्यालयाचा मुख्य प्रशिक्षक आणि ओबासान्जोचा जवळचा मित्र. तो शिकला होता इंग्लंडच्या सँडहर्स्टमध्ये.

पुढचं भयानक आहे. जुलै १९६६ मध्ये दुसरं बंड. उत्तरेत इग्बो लोकांच्या कत्तली. ३० मे १९६७ ला पूर्वेने 'बायाफ्रा' म्हणून वेगळं व्हायची घोषणा केली, आणि जुलै १९६७ ते जानेवारी १९७० यादवी युद्ध. लाखो लोक गेले, त्यात उपाशी मेलेली मुलं कितीतरी. कडुनात भारतीय अधिकाऱ्यांनी तयार केलेली पोरं शिकून बाहेर पडली ती या युद्धाच्या तोंडावर.

मग मदत फुकट गेली का?

सोपं उत्तर द्यायचा मोह होतो. 'न्झेओग्वू इंग्रजांनी घडवला, आपण नाही.' खरं आहे, पण हात झटकता येत नाहीत. १९८३ च्या शेवटी निवडून आलेलं सरकार हटवून सत्तेवर आलेले मुहम्मदू बुहारी १९७३ मध्ये वेलिंग्टनला शिकले होते. १९८५ मध्ये बुहारींना हटवणारे इब्राहिम बाबांगिडा डेहराडूनच्या अकादमीत होते. म्हणजे आपल्या शाळेतल्या एकाने आपल्याच शाळेतल्या दुसऱ्याला खाली खेचलं.

आणि ओबासान्जो? १९७६ मध्ये लष्करी राष्ट्रप्रमुखाची हत्या झाली आणि सत्ता त्याच्याकडे आली. त्याने निवडणूक घेतली आणि १ ऑक्टोबर १९७९ ला निवडून आलेल्या शेहू शगारी यांच्या हाती देश देऊन घरी गेला. नायजेरियात लष्करशहाने स्वतःहून असं करण्याची ही पहिलीच वेळ. पुढे दुसऱ्या लष्करशहाने, अबाचाने, त्याला तुरुंगात टाकलं. १९९८ मध्ये सुटका झाली आणि १९९९ मध्ये तो निवडणूक जिंकून राष्ट्राध्यक्ष झाला. २००० च्या आपल्या प्रजासत्ताक दिनाचा प्रमुख पाहुणा तोच. पण त्यालाही देव करू नका. २००६ मध्ये तिसऱ्यांदा राष्ट्राध्यक्ष होता यावं म्हणून घटना बदलायचा प्रयत्न झाला, आणि तो त्यांच्या सिनेटने हाणून पाडला.

तीन माणसं, तिघंही भारतात शिकलेली, तीन वेगळे रस्ते. मग फरक कशाने पडला?

मला वाटतं, अकादमीच्या भिंतीबाहेर बघायला हवं. भारतात लष्कर बराकीत राहिलं ते केवळ खडकवासल्यात चांगलं शिकवतात म्हणून नव्हे. १९४८ मध्ये सरसेनापतींचा दिल्लीतला बंगला, तीन मूर्ती, पंतप्रधानांचं घर झाला. १९५५ मध्ये सरसेनापती हे पदच रद्द झालं आणि तिन्ही दलांचे प्रमुख एका पातळीवर आले. देशभर पसरलेला एक पक्ष होता, वेळेवर निवडणुका होत होत्या आणि लोक निकाल मानत होते.

नायजेरियात उत्तर, पूर्व आणि पश्चिम असे तीन प्रांत आणि प्रत्येकाचा आपला पक्ष. १९६२-६३ च्या जनगणनेच्या आकड्यांवरूनच भांडण, कारण आकड्यावर जागा ठरणार. १९६४ च्या निवडणुकीवर बहिष्कार, १९६५ मध्ये पश्चिमेत जाळपोळ. राजकारणावरचा विश्वासच उडाला होता. अशा वेळी देशात शिस्तीत चालणारी एकच संस्था उरते, ती म्हणजे सैन्य. आणि आपण मदत केली होती ती नेमकी सैन्याला.

या मदतीची मर्यादा इथेच आहे. सुदानला आपण निवडणूक घ्यायला मदत केली, नायजेरियाला अधिकारी घडवायला. दोन्हीकडे काम नीट झालं आणि दोन्हीकडे बंडं झाली. कवायत, नकाशा, पूल बांधणं, मतपेटी सील करणं शिकवता येतं. सैन्याने सरकारचं ऐकायचं आणि सरकारने लोकांचं, ही सवय मात्र ज्याची त्यालाच लावून घ्यावी लागते. आपल्यालाही ती कायमची लागलीय असं समजून झोपू नये, आणीबाणी फार जुनी गोष्ट नाही.

तरी मी या मदतीला फुकट म्हणणार नाही. कडुनाची अकादमी बंडं, युद्ध, हुकूमशहा सगळ्यातून टिकली. १९८० च्या दशकात तिथे इतर आफ्रिकी देशांचे छात्र शिकायला येऊ लागले आणि १९८५ पासून पदवीचं शिक्षणही सुरू झालं. काल घेणारा देश आता देतोय. अगदी आपल्यासारखाच.

शेवटी परत सुदान ब्लॉककडे. ज्या देशाच्या नावाने ती इमारत उभी आहे, तिथे १५ एप्रिल २०२३ पासून सैन्य आणि निमलष्करी दल एकमेकांशी लढताहेत. लाखो लोक घर सोडून पळालेत. बातमी आली की आपण अंगठ्याने वर सरकवतो. 'आफ्रिकेत हे चालायचंच,' असंही कुणीतरी म्हणतं.

पुढच्या वेळी असं कुणी म्हटलं, तर त्याला एवढंच सांगा की आपल्या पुण्यातल्या सगळ्यात मानाच्या इमारतीला सुदानी शेतकऱ्याच्या कराचे पैसे लागलेत, आणि तेव्हा त्याला कुणी विचारलंही नव्हतं.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत हा भाग ज्याचा एनडीएचा फॉर्म भरायचा राहिलाय, अशा मित्राला नक्की पाठवा.